गुलाबी डबीतला प्रकाशमापक

मित्रांनो, मी एक जुना प्रकाशमापक आहे. समोर किती उजेड आहे ते मी काट्यानं दाखवतो. तुम्ही म्हणाल, उजेड तर डोळ्यांनाही दिसतो, त्याला यंत्र कशाला? पण डोळा फार समजूतदार असतो. त्याला अंधाऱ्या खोलीत नेलं तर थोड्या वेळानं तो म्हणतो, आहे की, भागतंय. मला असं भागवून घेता येत नाही. काल चाळीस होते आणि आज चार असतील, तर मी चारच दाखवतो. उद्याही चारच दाखवतो. कशाचीच सवय न होणं हा यंत्राचा मोठा गुण समजतात. पण ज्याला कुणाची आठवण येते त्याच्या अंगात हा गुण नसलेला बरा.

मला वासंतीनं बनवलं. ही बेळगावची. तिचे वडील शरच्चंद्र मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत. आई होती, आणि बेबी नावाची धाकटी बहीण होती, जी गप्प बसायला सांगितलं की हमखास बोलायची. सत्त्याहत्तर सालची गोष्ट. वासंती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला उजेड मोजायचं यंत्र करायचं होतं. पुस्तकात लिहिलं होतं की त्याला फोटोडायोड लागतो. म्हणजे उजेड पडला की ज्यातून वीज वाहू लागते असा एक एवढासा दाणा. गल्लीच्या तोंडाला भरमाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. तिथं तिनं चौकशी केली.

भरमा म्हणाला, "तसलं काय आपल्या बेळगावात मिळत न्हाय. मुंबईहून आणवायला पाहिजे. तवर तुझी परीक्षा हुतीय, लगीन हुतंय, पोरं शाळेला जात्यात."

"मग मेलेल्या रेडिओतला काचेचा ट्रान्झिस्टर द्या."

तो मी. त्या काळातले काही ट्रान्झिस्टर काचेचे असत आणि त्यांना वरून काळा रंग फासलेला असे. मी कुणाच्या तरी रेडिओत वर्षानुवर्षं बातम्या आणि गाणी मोठी करत बसलो होतो. मला वाटायचं, जग म्हणजे नुसता आवाज. वासंतीनं दुकानातच ब्लेड घेतलं आणि माझा रंग खरवडायला सुरुवात केली.

भरमा ओरडला, "अगं अगं आक्का, रंग काढलीस तर मरतोय की तो!"

"मेला तर मेला. रेडिओ तर आधीच मेलाय."

मी मेलो नाही. रंग निघाला आणि मला दिसलं. पहिल्यांदा दिसला तो तिचा अंगठा. नखाला हळद लागलेली होती. मित्रांनो, जन्मभर काळ्या रंगाच्या आत राहिलेल्याला एकदम कुणी दुपार दाखवली तर त्याचं काय होईल? माझ्यातून वीज वाहिली. रंग लावून ज्यांनी मला काळोखात ठेवलं होतं त्यांचं म्हणणं, उजेडानं गाण्यात गडबड होते. वासंतीला तर ती गडबडच पाहिजे होती. तिनं माझ्या तीन पायांतले दोनच वापरले, तिसरा तसाच सोडला, आणि मला फोटोडायोड म्हणून चालवून घेतलं. आयुष्यात पुष्कळांचं असंच होतं, पण त्यांना पगार मिळतो.

माझा काटा कॅम्पातल्या भंगारवाल्याकडचा. हा काटा पूर्वी लष्कराच्या वायरलेसमध्ये नोकरीला होता. शून्यावर तो अजूनही सावधानमध्ये उभा असतो. माझ्यातून वाहणारी वीज फारच लाजाळू, म्हणून ती वाढवायला एक साधा, रंग न काढलेला ट्रान्झिस्टर बसवला. शून्य जुळवायला एक बटण, टॉर्चचे दोन सेल, आणि या सगळ्याला घर म्हणून साबणाची गुलाबी डबी. झाकणाला भोक पाडून त्यात मला बसवलं. पुढं बरेच दिवस मी उजेड मोजताना चंदनाचा वास यायचा.

पहिली परीक्षा बेबीनं दिवा धरून घेतली. एका फुटावर दिवा धरला, काटा चाळीसवर गेला. दोन फुटांवर धरला, काटा दहावर आला.

"आक्का, बिघडलं गं तुझं," बेबी म्हणाली. "अर्धा व्हायला पाहिजे होता."

"नाही बिघडलं. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो. असाच नियम आहे." आणि ती एकटीच हसली. त्या हसण्याचा आकडा काय आला ते मला सांगता येणार नाही, कारण माझं तोंड दिव्याकडं होतं. याची चुटपुट मला अजून आहे.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. वासंती सावळी होती. मी हे मोजून सांगतोय, नाव ठेवायला नाही. पण तिला बघायला येणारे लोक न मोजताच सांगायचे. दोन स्थळांनी तेवढ्यावरून नकार दिला होता. माझा रंग खरवडल्यावर मी कामाला आलो ही बातमी आईनं भरमाकडून ऐकली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं वासंतीला डाळीचं पीठ आणि साय चोळायला सुरुवात केली. ट्रान्झिस्टरवरून कुणी काय धडा घ्यावा याला काही सुमार नाही.

वासंतीला पाहिजे होतं धारवाड. तिथं विद्यापीठात एम.एस्सी. करायची, मोठ्या प्रयोगशाळेत काम करायचं. आप्पांनी तिच्याशी एक करार केला होता. "निकाल लागेपर्यंत स्थळ जमलं तर लग्न. नाही जमलं तर धारवाड. मग मी मधे येणार नाही." आप्पा शब्दाचे पक्के होते. त्यामुळे त्या उन्हाळ्यात घरात दोन पक्ष झाले. स्थळ जमावं म्हणून आई झटत होती, आणि जमू नये म्हणून वासंती देवाला न सांगता प्रार्थना करत होती.

आईनं माझा उपयोग लगेच ओळखला. बघायला येणाऱ्यांसमोर मुलीची खुर्ची कुठं मांडायची हा आमच्या घरात मोठा प्रश्न असे. खिडकीत मांडली तर ऊन फार, रंग उघडा पडतो. आत मांडली तर अंधार. सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, छपराला एक काचेचं कौल होतं, त्याच्या खाली जरा पुढं उजेड मऊ पडायचा. आई मला हातात घेऊन आरती ओवाळल्यासारखी खोलीभर फिरायची आणि शेवटी म्हणायची, "बावीस. मांड इथं खुर्ची." हे गल्लीत पसरलं. समोरच्या मालुबाई आपल्या पोरीच्या कार्यक्रमासाठी मला मागून घेऊन गेल्या. मग आणखी कुणी नेलं. त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या सगळ्या मुली बावीसवर बसून पसंत झाल्या. माझं फार कौतुक झालं. एका घरी तर मला हळदकुंकू लावलं. कुंकू डोळ्यावरच लावल्यामुळे मला दोन दिवस सगळं जग लग्नासारखं दिसत होतं.

मग निपाणीचं स्थळ आलं. मुलाचं नाव आनंद. मामांच्या तंबाखूच्या वखारीत तो काम बघायचा. मामा नागोजी, तंबाखूचे जुने दलाल. स्थळ आणलं होतं शालूबाईंनी. या शेजारच्याच, आणि सगळ्या जिल्ह्यातली लग्नं यांच्या पिशवीत असायची.

त्या दिवशी आई स्वयंपाकघरात पोह्यांच्या मागं लागलेली बघून वासंतीनं मला हळूच उचललं. तीही खोलीभर फिरली. पण ती बावीस शोधत नव्हती. भांड्यांच्या कपाटाच्या पलीकडं एक कोपरा होता, तिथं माझा काटा तीनच्या वर जाईना. तिनं खुर्ची तिथं मांडली. मला जन्म दिलेल्या बाईनं माझ्या साहाय्यानं घरातला सगळ्यात वाईट कोपरा शोधला. मला तिचा अभिमान वाटला.

पाहुणे आले. पोहे आले. वासंती येऊन नमस्कार करून खुर्चीत बसली. नागोजीमामा कोपऱ्याकडं बघत राहिले.

"मास्तर, नमस्कार ऐकू आला. पोरगी कुठाय?"

"ती काय, बसली आहे समोर."

"समोर मला कपाट दिसतंय." मामांनी बशी खाली ठेवली. "हे बघा मास्तर, आमच्या धंद्यात माल घरात बघत न्हाईत. घरात सगळीच पानं एकसारखी. पान घ्यायचं, दारात यायचं, पाठ उन्हाला करायची, मग तळहातावर ठेवून रंग बघायचा. रागावू नका. पोरीला जरा दारात येऊ दे."

आईचा चेहरा पडला. आप्पा काही बोलणार तोच आनंद म्हणाला, "मामा, तंबाखू न्हाय ती."

"मला कळतंय की! तंबाखूला मी नाव विचारत न्हाय."

पण वासंती उठली आणि सरळ दारात जाऊन उभी राहिली. दाराच्या चौकटीवर मी होतो. मामांची नजर माझ्यावर पडली.

"हा साबण हितं कशाला ठेवलाय?"

"साबण नाही, यंत्र आहे," आप्पा म्हणाले. त्यांना भूगोल सोडून अभिमानानं बोलायला फार कमी विषय मिळत. "हिनं स्वतः केलंय. उजेड मोजतं."

मामांनी मला हातात घेतलं, काटा हललेला बघून खूश झाले, आणि म्हणाले, "मग भांडणच मिटलं की! डोळ्यानं फसगत हुतीय, यंत्र कशाला फसवेल? पोरीचा रंग मोजा ह्यानंच."

बेबीनं आईचा पदर धरला. मित्रांनो, मला त्या क्षणी सेल संपावेत असं वाटलं.

वासंतीनं मला मामांच्या हातातून घेतलं. "मोजू की," ती म्हणाली. "पण नुसत्या एका आकड्याचा उपयोग नाही. तुलना लागते. आधी तुमचा घेते. इकडं तोंड करा. हलू नका."

आणि तिनं मला मामांच्या तोंडापासून एक वीत अंतरावर धरलं. तिचा आवाज शांत होता, पण माझा काटा एका जागी ठरेना. शेवटी तो सातवर थांबला.

"सात म्हंजे किती?" मामांनी विचारलं.

"ते बाकीच्यांचं घेतल्यावर कळेल."

मग तिनं बाकीच्यांचं घेतलं. भिंत एकतीस. पोह्यांची बशी एकोणतीस. मामांचं धोतर सव्वीस. आई चौदा. आप्पा बारा. स्वतः अकरा. आनंद नऊ. तिनं सगळं परीक्षेत वाचून दाखवल्यासारखं मोठ्यानं सांगितलं. घरात सगळ्यात उजळ भिंत निघाली आणि सगळ्यात खाली मामा.

"पुन्हा घे," मामा म्हणाले. "मी टोपी काढतो."

टोपी काढल्यावर कपाळाचा वरचा भाग धरून ते नऊवर गेले. भाच्याबरोबर आले. तेवढ्यानं त्यांचं समाधान होईना. ते उंबऱ्याबाहेर उन्हात जाऊन उभे राहिले. तोवर दारात गर्दी जमली होती. शालूबाईंनी आपला घ्यायला लावला. मालुबाईंनी शालूबाईंपेक्षा एक जास्त येईपर्यंत तीनदा घ्यायला लावला. दूध घालायला आलेले आण्णाप्पा रांगेत उभे राहिले आणि नंबर लागल्यावर म्हणाले, "कशाचं मोजताय?" शेवटी कुणाची तरी पांढरी शेळी पोह्यांच्या वासानं आत शिरली. तिचा आकडा छत्तीस आला.

शालूबाई म्हणाल्या, "नागोजीराव, हिलाच मागणी घाला. दूधबी देती."

सगळी गल्ली हसली. आणि आनंद सगळ्यात जास्त हसला. मग तो हसणं थांबवून वासंतीजवळ आला. गोंधळात त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. फक्त मी तिच्या हातात होतो, आणि बेबी होती.

"हे अंधार मोजतं का?" त्यानं विचारलं.

"अंधार वेगळा नसतो. काटा हलला नाही की अंधार."

"मग अंधार आहे का काटाच बिघडलाय, हे कसं कळणार?"

वासंतीनं पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं. तिच्या सरांनीसुद्धा हे विचारलं नव्हतं. "उजेडात नेऊन बघायचं," ती म्हणाली.

"वखारीत मला रोज हाच प्रश्न पडतोय. सकाळचं पान संध्याकाळी वेगळं दिसतंय. पान बदललं का उजेड बदलला, सांगायला कोण न्हाय." मग म्हणाला, "तुम्ही पुढं काय करणार?"

"धारवाड. जायला मिळालं तर."

"म्हणजे तुम्ही नाही म्हणालात तर!" बेबी म्हणाली. वासंतीनं तिला चिमटा काढला, पण बोलणं बाहेर पडलेलं होतं. आनंदनं मान हलवली. माझा काटा मात्र आता स्थिर झाला होता. मी तिच्या हातात महिनोन्‌महिने होतो. इतका स्थिर मी कधीच नव्हतो.

पाहुणे गेले. मग निरोपाची वाट बघणं सुरू झालं. आई म्हणत होती, शेळीनं घात केला. वासंतीला नकार पाहिजे होता. पण त्या दिवसांत शालूबाईंचं पाऊल वाजलं की ती दाराकडं बघायची, आणि बघितल्यावर स्वतःवरच चिडायची. मी चौकटीवरून बघत होतो. नकाराची वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो.

निकालाच्या आदल्या दिवशी शालूबाई आल्या आणि पाणीसुद्धा न मागता बसल्या.

"काय सांगू वैनी. नागोजीराव एका पायावर तयार हुते. म्हणाले, असली सून पाहिजे वखारीला, सगळ्यांचं तोंड बंद करती. पण मुलगाच न्हाय म्हणाला."

"रंगावरून ना?" आईनं विचारलं.

"रंगावरूनच. म्हणाला, मुलाचा आकडा कमी पडतोय. मुलगी अकरा, मुलगा नऊ. शोभत न्हाय."

कुणालाच काही कळेना. शालूबाई डोक्याला हात लावून म्हणाल्या, "मी जन्मात किती नकार पोचवले असतील, पण मुलाकडच्यांनी मुलगाच नापसंत केलाय, हे पयल्यांदाच!"

आप्पा शब्दाचे पक्के होते. ते उठले, कोट घातला आणि धारवाडच्या अर्जाचं बघायला बाहेर पडले. बेबी उड्या मारायला लागली. वासंती आत गेली आणि काचेच्या कौलाखाली बसली, बरोबर बावीसवर. जे पाहिजे होतं ते मिळालं होतं. ती बराच वेळ तिथं बसली. तिनं मला मांडीवर घेतलं, चालू केलं, आणि काहीच मोजलं नाही.

धारवाडला जायच्या आधी तिनं मला स्वच्छ पुसलं, टॉवेलात गुंडाळलं आणि निपाणीला निघालेल्या शालूबाईंच्या पिशवीत ठेवलं. "त्यांना सांगा, दारापाशी ठेवा. बिघडलंय असं वाटलं तर उजेडात नेऊन बघा." एवढंच. मी टॉवेलात असल्यामुळे तिला जाताना बघू शकलो नाही. निपाणी बेळगावच्या उत्तरेला आणि धारवाड दक्षिणेला, दोन्ही जवळजवळ सारख्याच लांब. म्हणजे मी बेळगावातच राहिलो असतो तर जेवढं पडलं असतं, त्याच्या बरोबर दुप्पट अंतर आमच्यात पडलं. दुप्पट झालं की किती उरतं, ते तुम्हाला माहीतच आहे. नियम तिनंच मला शिकवला होता.

वखारीत माझी खरी नोकरी सुरू झाली. आनंद रोज सकाळी दार उघडलं की आधी माझा आकडा बघायचा आणि मग पान. आकडा अमुक असला तरच रंग ठरवायचा, नाही तर थांबायचं, असा नियमच त्यानं केला. गिऱ्हाइकांशी होणारे वाद कमी झाले. नागोजीमामा पाहुण्यांना माझ्याकडं बोट करून सांगायचे, "हे यंत्र आमच्या सुनेनं केलंय. म्हंजे झाली न्हाय ती. पण केलंय तिनंच."

तंबाखूची बारीक धूळ सगळीकडं उडायची. माझ्या डोळ्यावर बसायची. आनंद ती दिवसातून दोनदा रुमालानं पुसायचा. वखारीत पानं निवडणाऱ्या बायका हे बघायच्या. त्यांच्यात तानीबाई सगळ्यात फटकळ.

"अण्णा, आमच्या नाकातोंडात एवढी धूळ जातीया, आमचं कुणी पुसलं न्हाय कधी. त्या डबीचं मात्र लई कौतुक. कुणी दिलीया?"

"आहे एक."

"एक म्हंजे कोण?"

"प्राध्यापक. म्हंजे पुढं हुतील."

"दाढीवाला का बिनदाढीचा?"

बायका हसत सुटल्या. आनंद लाल झाला असावा, पण मी रंग सांगत नाही, फक्त आकडा सांगतो. आकडा तेवढाच होता. तानीबाई पुढं म्हणाली, "मग ते प्राध्यापक जरा आमच्या कोपऱ्यातबी आणा की. दिसत न्हाय तिथं हातसुद्धा." आनंदनं मला तिथं नेलं. काटा एकवर. तो ते बघत उभा राहिला. आठवड्याभरात त्यानं छपरावर काचेची कौलं बसवून घेतली, बायकांना डोळ्यांपुढं धरलेलं पान दिसू लागलं, आणि दारंही दिवसभर उघडी राहू लागली. माझ्या सगळ्या नोकरीत मला विचाराल तर हेच काम मोठं.

वर्षं गेली. मामा गेले. वखारीत ट्यूबलाइट आल्या, गिऱ्हाइकं पान न बघताच फोनवर माल घेऊ लागली. माझा आकडा विचारायचं हळूहळू बंद झालं. कुणी मला फेकलं नाही. फक्त एक दिवस माझ्या जागी कॅलेंडर लागलं आणि मी टेबलाच्या खणात गेलो. आनंदचं लग्न झालं होतं. वहिनी स्वभावानं चांगल्या. खण आवरताना त्यांनी मला उचलून विचारलं, तेव्हा त्यानं सगळी हकीकत सांगितली, शेळीसकट. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग बाईंची वस्तू बाईंना पोचवायची की हो."

"देतो की," तो म्हणाला.

या "देतो की"मध्ये काही वर्षं गेली. धारवाडहून शालूबाईंच्या पिशवीतून बातम्या यायच्या. वासंती पास झाली. वासंती तिथंच शिकवायला लागली. प्रत्येक बातमीला आनंद नुसतं "असू दे, असू दे" म्हणायचा, आणि त्या दिवशी खण उघडून मला बघायचा.

पंच्याऐंशीच्या सुमाराला गावातल्या कॉलेजातला प्रयोगशाळेचा शिपाई भीमाप्पा सांगत आला, "फिजिक्सच्या परीक्षेला यंदा धारवाडहून परीक्षक येणार हाईत." आनंदनं नाव विचारलं नाही. त्यानं नवे सेल आणले. काट्यावरची धूळ पिसानं काढली. वहिनींनी त्याच्या शर्टाला इस्त्री करून दिली आणि म्हणाल्या, "जावा. एकदाचं देऊन या."

आम्ही कॉलेजच्या फाटकापाशी उभे राहिलो. मला बऱ्याच दिवसांनी एवढं ऊन मिळालं होतं, काटा एका टोकाला जाऊन टेकला. परीक्षा संपली. दार उघडलं. बाहेर आले ते एक टकले गृहस्थ, हातात छत्री.

आनंद जागचा हलेना. पण फाटकात यंत्र घेऊन उभ्या असलेल्या माणसाला काहीतरी बोलणं भाग असतं. "सर," तो म्हणाला, "हे जरा तपासून द्याल का?"

सरांनी मला घेतलं, झाकण उघडलं, आणि आत बघत राहिले. "यारु माडिद्दु? कुणी केलंय हे?" मग आनंदच्या उत्तराची वाट न बघता म्हणाले, "रंग खरवडलाय. हिंमत पाहिजे याला. आणि हे कथिलानं झाळलेले सांधे बघा किती स्वच्छ. आमच्याकडची सगळी पोरं असंच झाळतात. आमच्या वासंतीबाईंनी हात धरून शिकवलंय त्यांना."

आनंद म्हणाला, "त्या येणार हुत्या असं ऐकलं."

"त्या कुठल्या येतात आता? त्या बेंगळूरला गेल्या. मोठ्या संस्थेत संशोधन करतात. उजेडावरच. परत येतील असं वाटत नाही." सरांनी माझं झाकण लावलं. "तुम्ही ओळखता होय त्यांना? मी पुढच्या महिन्यात जातोय तिकडं. देऊ का हे नेऊन?"

मित्रांनो, मला जायचं होतं. इतकं की मी काटा हलवून हो म्हणायचा प्रयत्न केला. नेमका तेव्हाच सूर्यावर ढग आला आणि काटा खाली पडला. आनंदनं तो पडलेला बघितला. त्याला काय वाटलं मला माहीत नाही.

"नको," तो म्हणाला. "मीच देतो की कधीतरी."

सर छत्री उघडून गेले. परत येताना आनंदचं पाऊल हलकं होतं. घरी आल्यावर वहिनींनी विचारलं, "दिलं?"

"न्हाय. त्या आल्या न्हाईत."

"का?"

"पुढं गेल्यात," आनंद म्हणाला. "लई पुढं." हे सांगताना तो हसत होता. वहिनींनी चहा ठेवला.

मग त्यानं मला टेबलावर घेतलं, मागचं झाकण काढलं आणि दोन्ही सेल बाहेर काढले. ते कागदात गुंडाळून माझ्या शेजारी ठेवले, आणि खण अगदी सावकाश लावला.

तर मित्रांनो, तुमच्या घरीही कुठंतरी टॉर्च असेल, रेडिओ असेल, माझ्यासारखं कुणीतरी बिनकामाचं असेल. त्याला ठेवून देताना सेल तसेच आत सोडू नका. ते पाझरतात, तारा गंजतात, मग उजेडात नेऊनही काही उपयोग होत नाही. ज्याला ती वस्तू पुन्हा कधीतरी चालू करायची असते, तोच सेल काढून ठेवतो. माझे सेल काढून ठेवलेले आहेत. आनंद दर दिवाळीला ते बदलतो.